औषधशोधासाठी एक कार्यप्रणाली : चंदीगडमधील एका प्रयोगाचा इतिहास

३० जून २०२४ या दिवशी 'सायंटिफिक लिनक्स' या कार्यप्रणालीचे आयुष्य अधिकृतपणे संपले. बाहेरच्या जगाला तिचे नाव क्वचितच ठाऊक होते. कणभौतिकी शिकलेल्या माझ्या पिढीतील बहुतेकांनी मात्र आपले पहिले गणनकार्य तिच्यावरच केले. अमेरिकेतील फर्मी प्रयोगशाळा आणि जिनिव्हाजवळील सर्न यांनी ती २००४ मध्ये सिद्ध केली. लार्ज हॅड्रॉन कोलायडरच्या विदेची छाननी करणाऱ्या जगभरच्या गणनजाळ्यात ती वर्षानुवर्षे राबली. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि कोलकात्याचे व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटर हे त्याच जाळ्याचे भारतीय घटक आहेत. ४ जुलै २०१२ रोजी हिग्ज बोसॉनच्या शोधाची घोषणा झाली, तेव्हा त्या घोषणेमागील आकडेमोडीच्या तळाशी अशाच खास वैज्ञानिकांसाठी बांधलेल्या कार्यप्रणाली होत्या.

एखाद्या व्यवसायासाठी स्वतंत्र कार्यप्रणाली बांधावी, ही कल्पना कोठून आली? भारतात ती कोणी अमलात आणली? आणि अशा कार्यप्रणाली वृद्ध होतात, तेव्हा त्यांच्या आधारे केलेल्या विज्ञानाचे काय होते? या प्रश्नांचे एक उत्तर मी राहतो त्या झिरकपूरपासून फार दूर नाही. अंबाला, पतियाळा आणि सिमला यांकडे जाणारे रस्ते जेथे एकमेकांना मिळतात, ते झिरकपूर चंदीगडच्या एका कडेला. आणि सेक्टर ३९ मधील सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्था, अर्थात 'इमटेक', दुसऱ्या कडेला. औषधशोधासाठी लिनक्सचे स्वतंत्र वितरण तयार करण्याचा भारतातील एक महत्त्वाचा प्रयत्न या संस्थेत झाला. त्याचे नाव 'ओएसडीडी-लिनक्स'.

वितरण म्हणजे काय?

ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपण एक छोटी कार्यप्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. वस्तुतः त्याने लिहिला होता तो केवळ गाभा, म्हणजे कर्नल. प्रक्रियकाचा वेळ कोणत्या आज्ञावलीला किती द्यायचा, स्मृतीची वाटणी कशी करायची, तबकडीवर काय कोठे ठेवायचे, एवढेच गाभा पाहतो. वापरकर्त्याला त्यापलीकडे संकलक, संपादक, ग्रंथालये, छपाईची साधने असे पुष्कळ काही लागते. यांतील मोठा भाग रिचर्ड स्टॉलमन यांच्या 'ग्नू' प्रकल्पाने आधीच तयार केला होता. हे सुटे भाग एकमेकांशी जुळवून, तपासून, एका माळेत ओवून लोकांच्या हाती देणे म्हणजे वितरण. १९९३ च्या जुलैमध्ये 'स्लॅकवेअर' आले आणि ऑगस्टमध्ये इयन मर्डॉक यांनी 'डेबियन'ची घोषणा केली. ही दोन्ही वितरणे आजही जिवंत आहेत.

माळ ओवण्याचे काम दिसते तितके सोपे नाही. प्रत्येक आज्ञावली दुसऱ्या काही आज्ञावलींवर अवलंबून असते, आणि तीही त्यांच्या विशिष्ट आवृत्तीवर. 'अ' ला 'क' ची दुसरी आवृत्ती हवी आणि 'ब' ला तिसरी, असे झाले की 'अ' आणि 'ब' एका यंत्रावर सुखाने नांदत नाहीत. वितरणकर्त्याचे खरे कौशल्य या भांडणांचा निवाडा करण्यात असते. तो प्रत्येक आज्ञावलीचे पॅकेज बांधतो. तिला काय लागते, काय चालत नाही आणि ती कोठे बसवायची, याची नोंद पॅकेजमध्ये करतो. मग वापरकर्त्याने एक नाव उच्चारले की त्यामागची सगळी वंशावळ आपोआप उतरवली जाते.

खास क्षेत्रासाठी वितरण बांधणाऱ्याला ही वंशावळ पहिल्यापासून मांडावी लागत नाही. तो एखादे प्रस्थापित वितरण पाया म्हणून घेतो. त्यातील अनावश्यक भाग काढतो, आपल्या क्षेत्राच्या आज्ञावलींची पॅकेजे बांधतो आणि ती स्वतःच्या भांडारात ठेवतो. पुढे सारी फाइलप्रणाली आकुंचित करून तिची एक प्रतिमा बनवतो. ही प्रतिमा केवळ वाचता येते. तिच्यावर एक पातळ, लिहिता येण्याजोगा थर स्मृतीत पसरला जातो. त्यामुळे चकतीवरून किंवा पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करता येतो, काम करता येते आणि मूळ यंत्राला धक्काही लागत नाही. क्लाउस क्नॉपर यांच्या 'क्नॉपिक्स'ने २००० पासून हे तंत्र लोकप्रिय केले. सुमारे दोन गिगाबाइट सामग्री त्यांनी ७०० मेगाबाइटच्या एका सीडीत बसवली होती.

व्यवसायांची वितरणे

कणभौतिकीला या मार्गाची गरज सर्वांत आधी भासली. एकाच प्रयोगाची विदा शेकडो संस्थांत तपासली जाते. प्रत्येक ठिकाणी उत्तर तेच यायला हवे. म्हणून फर्मी प्रयोगशाळेने १९९८ मध्ये रेड हॅटच्या पायावर 'फर्मी लिनक्स' सुरू केले. रेड हॅटने आपले विनामूल्य वितरण थांबवून वर्गणीचे वितरण पुढे आणले, तेव्हा मूळ संहिता खुली असल्यामुळे ती पुन्हा संकलित करून 'सायंटिफिक लिनक्स' जन्माला आले.

जीवशास्त्राची अडचण वेगळी होती. जीवशास्त्रज्ञाजवळ जनुकक्रमांचे ढीग येऊ लागले होते, पण त्याच्या प्रयोगशाळेत प्रणालीव्यवस्थापक नव्हता. ब्रिटनमधील पर्यावरणीय जैवमाहितीशास्त्र केंद्राने २००२ मध्ये 'बायो-लिनक्स' काढले ते याच वाचकासाठी. त्याच वर्षी आंद्रेआस टिले यांनी 'डेबियन-मेड' हा उपक्रम आरंभला. दोघांच्या भूमिकांतील फरक पुढे महत्त्वाचा ठरला. बायो-लिनक्स हे स्वतंत्र वितरण होते. डेबियन-मेडने मात्र वेगळे घर बांधायचे नाकारले. वैद्यक आणि जीवशास्त्राच्या आज्ञावली मूळ डेबियनमध्येच दाखल करायच्या, म्हणजे त्यांची देखभाल मोठ्या घराच्या शिस्तीत होत राहील, अशी त्यांची धारणा होती.

ही शिस्त केवळ सोयीची बाब नाही. २०१२ मध्ये 'प्लॉस वन' या नियतकालिकात मेंदूच्या प्रतिमांविषयी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. संशोधकांनी त्याच व्यक्तींच्या त्याच प्रतिमा 'फ्रीसर्फर' या आज्ञावलीच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांतून काढल्या. मेंदूच्या भागांच्या मोजलेल्या आकारमानात आवृत्ती बदलल्याने सरासरी ८.८ टक्के फरक पडला. आज्ञावली तीच ठेवून केवळ कार्यप्रणालीची आवृत्ती बदलली, तरी त्याच्या साधारण निम्मा फरक दिसला. रोगामुळे मेंदूत होणारे सूक्ष्म बदल शोधणाऱ्या अभ्यासकासाठी हा फरक क्षुल्लक नव्हे. भौतिकशास्त्रज्ञ तापमापकाचे अंशांकन नोंदवल्याशिवाय तापमान सांगत नाही. संगणकावरील मोजमापालाही तोच नियम लागू आहे, हे या अभ्यासाने दाखवून दिले.

पुण्याचे एक सूत्र

चंदीगडकडे वळण्यापूर्वी पुण्यातील एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने देशभर जैवमाहिती केंद्रांचे जाळे उभारले. जगात 'बायोइन्फर्मॅटिक्स' हा शब्दही तेव्हा रुळलेला नव्हता. या जाळ्यात पुणे विद्यापीठाचे केंद्र होते आणि चंदीगडच्या इमटेकचेही. पुण्याच्या केंद्रातून अशोक कोळस्कर आणि पी. सी. टोणगावकर यांनी १९९० मध्ये 'फेब्ज लेटर्स'मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. या साखळीचा कोणता तुकडा शरीराच्या प्रतिकारयंत्रणेच्या नजरेत भरेल, आणि म्हणून लशीसाठी उपयुक्त ठरेल, हे केवळ क्रमावरून सांगता येईल का, असा प्रश्न होता. प्रयोगांनी सिद्ध झालेल्या तुकड्यांत कोणते अमिनो आम्ल किती वेळा आढळते हे त्यांनी मोजले, त्याला रासायनिक गुणधर्मांची जोड दिली आणि प्रत्येक अमिनो आम्लाला एक अंक दिला. साखळीवर सात-सात दुव्यांची खिडकी सरकवत सरासरी काढायची. जेथे ती उंचावते, तेथे संभाव्य तुकडा. सुमारे ७५ टक्के अचूकता या साध्या रीतीने साधली.

हे सूत्र आजही वापरात का आहे? त्याच्या गुणवत्तेमुळे, हे उघडच आहे; पण केवळ तेवढ्याने नाही. १९९० च्या दशकात जनुकक्रमांच्या विश्लेषणासाठी 'जीसीजी' नावाचा आज्ञावलीसंच सर्वत्र वापरला जात असे. तो व्यापारी झाला आणि त्याची मूळ संहिता बाहेरच्यांना मिळेनाशी झाली. त्याला पुरवण्या लिहिणाऱ्या युरोपीय संशोधकांचे काम त्यामुळे अडले. त्यांनी संपूर्ण खुला असा नवा संच लिहायला घेतला आणि २००० मध्ये 'एम्बॉस' प्रसिद्ध केला. त्यातील 'अँटिजेनिक' ही आज्ञावली कोळस्कर-टोणगावकर रीतीवरच चालते. एम्बॉस बायो-लिनक्समध्ये गेला, डेबियनमध्ये गेला. मूळ लेखकांची शेवटची मोठी आवृत्ती २०१३ ची आहे; तरीही डेबियनचे स्वयंसेवक तो संच नव्या संकलकांशी जुळवून घेत चालता ठेवत आले. पुण्यात १९९० मध्ये सुचलेली कल्पना आज एखाद्या विद्यार्थ्याच्या संगणकावर एका आज्ञेसरशी उतरते, ती या अनाम परिश्रमांमुळे. निबंधाने ती प्रसिद्ध केली. वितरणाने ती टिकवली.

चंदीगडचा प्रयोग

इमटेकची स्थापना १९८४ ची. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या, म्हणजे सीएसआयआरच्या, प्रयोगशाळांपैकी ती एक. तेथील जैवमाहिती केंद्रात गजेंद्र पाल सिंह राघव यांच्या गटाने प्रतिकारशास्त्राशी संबंधित आज्ञावली लिहायला सुरुवात केली. पुण्याच्या सूत्राने ज्या प्रश्नाला हात घातला होता, त्याच घराण्यातील प्रश्न येथे यंत्रशिक्षणाच्या आणि सांख्यिकीच्या नव्या साधनांनी सोडवले जात होते. २००१ मधील 'प्रोप्रेड' प्रथिनाचा कोणता तुकडा मानवाच्या ५१ एचएलए-डीआर प्रकारांपैकी कोणाशी बांधला जाईल हे सांगत असे. २००४ मध्ये 'सीटीएलप्रेड' आले. २०१३ मधील 'टॉक्सिनप्रेड' पेप्टाइड विषारी असण्याची शक्यता वर्तवू लागले. राघव यांना २००८ चे शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक मिळाले.

या साधनांचे वैशिष्ट्य असे की ती संकेतस्थळावरून कोणालाही विनामूल्य वापरता येत. सर्व्हर चंदीगडमध्ये, वापरकर्ता कोठेही. यात एक अडचण दडलेली होती. औषधकंपनी किंवा लसगट आपला गोपनीय क्रम परक्या सर्व्हरवर पाठवायला कचरतो. हजारो क्रम तपासायचे असतील, तर संकेतस्थळ अपुरे पडते. आणि लहान गावातील महाविद्यालयात इंटरनेट रडतखडत चालत असेल, तर ही साधने असून नसल्यासारखी. यावर उपाय एकच : सर्व्हरच उचलून वापरकर्त्याच्या टेबलावर ठेवायचा.

याला निमित्त मिळाले ते क्षयरोगाचे. सप्टेंबर २००८ मध्ये सीएसआयआरने 'ओपन सोर्स ड्रग डिस्कव्हरी' हा उपक्रम सुरू केला. त्यामागील प्रेरणा तत्कालीन महासंचालक समीर ब्रह्मचारी यांची होती. त्यांचा युक्तिवाद असा : क्षय हा गरिबांचा रोग, म्हणून त्यावरील औषधात नफा नाही, म्हणून संशोधनही नाही. रिफॅम्पिसिनचा वापर सुरू झाल्यानंतर सुमारे चार दशके क्षयासाठी नव्या प्रकारचे औषध बाजारात आले नव्हते. बेडाक्विलिनला अमेरिकेत मान्यता मिळाली ती डिसेंबर २०१२ मध्ये. लिनक्स जसे जगभरच्या लोकांनी मिळून बांधले, तसे औषधही मिळून शोधता येणार नाही का, असा प्रश्न या उपक्रमाने विचारला. क्षयजंतूच्या एच-३७-आरव्ही या वाणाचा संपूर्ण जनुकसंच १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला होता : सुमारे ४४ लाख अक्षरे, सुमारे ४,००० जनुके. त्यांपैकी पुष्कळ जनुकांचे कार्य अज्ञात होते. भारतातील शेकडो विद्यार्थ्यांनी वाङ्मय चाळून या जनुकांच्या नोंदी नव्याने तयार केल्या आणि एप्रिल २०१० मध्ये त्या कामाची घोषणा झाली.

विद्यार्थी होते, विदा होती, उत्साह होता. साधनांचे काय? संगणकीय औषधशोध ही एक साखळी आहे. जंतूच्या जगण्यासाठी आवश्यक, पण माणसात नसलेले प्रथिन निवडायचे. त्याची त्रिमितीय रचना मिळवायची किंवा अंदाजायची. लाखो लहान रेणू त्याच्या खाचेत बसतात का ते गणिताने तपासायचे. जे बसतील त्यांची विषारकता, विद्राव्यता, शरीरातील वर्तन वर्तवायचे. उरतील तेवढेच प्रयोगशाळेत नेायचे. प्रत्येक पायरीची व्यापारी साधने महाग होती. खुली साधनेही होती : रेणू खाचेत बसवणारी 'ऑटोडॉक', रासायनिक फाइलींचे रूपांतर करणारी 'ओपन बेबल', रेणूंच्या हालचालींचे अनुकरण करणारी 'ग्रोमॅक्स'. पण ती निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या भाषांत लिहिलेली. एका विद्यार्थ्याने ती सगळी आपल्या यंत्रावर बसवायची म्हणजे पहिले काही आठवडे आवृत्त्यांच्या भांडणातच जायचे.

२०१० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धात राघव यांच्या गटाने या साखळीसाठी वितरण बांधले. ओएसडीडी-लिनक्स हे डेबियन घराण्यातील वितरण. ते चकतीवरून किंवा पेनड्राइव्हवरून चालवता येई, यंत्रावर कायमचे बसवता येई, किंवा आभासी यंत्रात उघडता येई. ज्यांच्याकडे आधीच जुळणारे लिनक्स आहे, त्यांना केवळ भांडार जोडून हवी ती पॅकेजे घेता येत. गटाने स्वतः लिहिलेल्या वर्तक आज्ञावली आणि इतरांची खुली साधने त्यात एकत्र नांदत होती. आज्ञापटलावर टंकलेखन करणाऱ्यासाठी स्वतंत्र आज्ञावली होत्या. ज्याला ते जमत नाही त्याच्यासाठी संकेतस्थळाचे रूप स्थानिक यंत्रावरच उपलब्ध होते. आणि कामाच्या पायऱ्या एकापुढे एक जोडायच्या असतील, तर 'गॅलक्सी' या पेनसिल्व्हेनियात विकसित झालेल्या कार्यप्रवाह-मंचाचीही सोय होती.

या तिसऱ्या सोयीचे मोल विशेष आहे. निबंधात 'आम्ही अमुक आज्ञावली वापरली' असे वाक्य असते. कोणत्या क्रमाने, कोणत्या पर्यायांसह, हे बहुधा नसते. कार्यप्रवाह जतन केला, तर दुसरा विद्यार्थी तीच वाट पुन्हा चालू शकतो. खुल्या औषधशोधाचे खरे भांडवल हेच होते. वाट सर्वांना दिसली, तरच तिच्यावरील चूक कोणीतरी दाखवणार.

जुने होणे

लिनक्सच्या प्रत्येक खास वितरणाला आपल्या पायाचे आयुष्य मिळते. उबंटूच्या दीर्घकालीन आवृत्तीला पाच वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात; मग पाया बदलावा लागतो आणि त्यावर बांधलेली प्रत्येक खोली पुन्हा तपासावी लागते. त्यात भाषाही बदलतात. पायथन भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीला १ जानेवारी २०२० नंतर आधार उरला नाही. तिच्यात लिहिलेली अगणित वैज्ञानिक साधने एका रात्रीत निराधार झाली. बायो-लिनक्सची आठवी आवृत्ती २०१४ ची. ती उबंटूच्या त्याच वर्षीच्या आवृत्तीवर उभी होती. सायंटिफिक लिनक्सबाबत फर्मी प्रयोगशाळेने एप्रिल २०१९ मध्येच सांगितले की आठवी आवृत्ती निघणार नाही. नंतर सेंटओएसचा आधार घेतला, तर डिसेंबर २०२० मध्ये त्याचेही आयुष्य आखडते घेतल्याची घोषणा झाली. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये सर्न आणि फर्मी यांनी 'अल्मालिनक्स'ची निवड जाहीर केली. जगातील सर्वांत श्रीमंत प्रयोगशाळांना हा भार पेलवत नसेल, तर एका विद्यापीठीय गटाकडून काय अपेक्षा करावी?

मार्च २०१३ मध्ये 'डॉकर' आले आणि प्रश्नाचे रूप पालटले. संपूर्ण कार्यप्रणाली देण्याऐवजी एकेका आज्ञावलीला तिच्या सगळ्या गोतावळ्यासह एका डब्यात बंद करून द्यायचे. गाभा यजमान यंत्राचा, बाकी सारे डब्यातले. 'अ' आणि 'ब' यांचे भांडण संपले, कारण दोघांची घरेच वेगळी झाली. राघव पुढे दिल्लीच्या इंद्रप्रस्थ माहिती तंत्रज्ञान संस्थेत गेले, आणि त्यांच्या गटाने २०१९ मध्ये 'जीपीएसआर-डॉकर' मांडले : तीच वर्तक साधने, आता डब्याच्या रूपात. चंदीगडच्या वितरणाचा हा थेट वारस म्हणता येईल. जीवशास्त्राच्या व्यापक जगात 'बायोकोंडा'ने हजारो पॅकेजांचे भांडार उभारले, आणि स्वतंत्र वितरणांची निकड ओसरली.

डब्याने एक प्रश्न सुटला, दुसरा मात्र तसाच राहिला. डबा बंद केला त्या दिवशीचे दोषही त्यात बंद होतात. तो ज्या भांडारात ठेवला ते भांडार कोणा कंपनीचे असते; तिचे धोरण बदलले की डबा नाहीसा होऊ शकतो. आणि डब्यातील आज्ञावली नव्या प्रक्रियकावर चालवायची वेळ आली, की झाकण उघडून आतले काम कोणालातरी करावेच लागते. तो 'कोणीतरी' कोण, याचे उत्तर तंत्राजवळ नाही.

जिवाणू जपणारी संस्था

इमटेकच्याच आवारात या प्रश्नाकडे पाहण्याची एक निराळी दृष्टी उपलब्ध आहे. तेथे १९८६ पासून सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, 'एमटीसीसी' या नावाने ओळखला जाणारा. देशभरचे संशोधक आपले जिवाणू आणि बुरशी तेथे ठेवतात. ते गोठवून सुकवले जातात, त्यांची शुद्धता वेळोवेळी तपासली जाते, मागणी करणाऱ्याला क्रमांकानुसार पाठवले जातात. ४ ऑक्टोबर २००२ पासून या संग्रहाला बुडापेस्ट कराराखाली आंतरराष्ट्रीय निक्षेप-प्राधिकरणाचा दर्जा आहे. २०११ मध्ये पुण्याच्या सूक्ष्मजीव संग्रहालाही तो मिळाला. या करारानुसार ठेवलेला सूक्ष्मजीव किमान ३० वर्षे जतन करावा लागतो. संशोधक निवृत्त झाला, प्रकल्पाचा निधी संपला, प्रयोगशाळा बंद पडली, तरी जिवाणू राहतो.

म्हणजे विज्ञानाने ही अडचण एका ठिकाणी सोडवली आहे. जिवाणू जपणे हे संशोधनाचे परिशिष्ट न मानता स्वतंत्र काम मानले. त्यासाठी संस्था, पदे, नियम आणि मुदत ठरवली. आज्ञावलीबाबत आपण असे काही केलेले नाही. प्रकल्पाची तीन किंवा पाच वर्षे संपतात, पीएच.डी.चा विद्यार्थी परदेशी जातो, सर्व्हरचे नूतनीकरण राहून जाते, आणि निबंधातील दुवा कोरे पान दाखवतो. नवे साधन लिहिणाऱ्याला निबंध मिळतो. जुने साधन चालते ठेवणाऱ्याला काहीच मिळत नाही. मूल्यमापनाच्या तक्त्यात त्याच्यासाठी रकानाच नाही. म्हणून तेच वर्तक साधन नव्या नावाने पुन्हा लिहिले जाते आणि आधीचे विस्मृतीत जाते.

याउलट उदाहरणेही आहेत. डेबियन-मेड दोन दशकांहून अधिक काळ टिकले, कारण त्याने आपली देखभाल मोठ्या समूहाशी बांधली. फ्रान्समध्ये २०१६ पासून 'सॉफ्टवेअर हेरिटेज' हा संग्रह जगभरची मूळ संहिता साठवत आहे. त्यातील प्रत्येक तुकड्याला कायमचा ओळखक्रमांक मिळतो, अगदी एमटीसीसीच्या वाणाला मिळतो तसा. आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीतील 'फॉसी' प्रकल्प २००९ पासून विद्यार्थ्यांकडून खुली अभियांत्रिकी साधने लिहून घेतो आणि तीच साधने अध्यापनात वापरतो; वापरणारा वर्ग दरवर्षी नव्याने येत राहतो, म्हणून साधन दुर्लक्षित पडत नाही. सी-डॅकचे 'बॉस' लिनक्स २००७ पासून डेबियनच्या पायावर चालू आहे. या सर्वांतून एकच धडा निघतो. स्वतंत्र घर बांधण्यापेक्षा मोठ्या घरात आपली खोली राखणे बहुधा अधिक टिकाऊ ठरते.

मग ओएसडीडी-लिनक्स व्यर्थ गेले का? तसे म्हणणे इतिहासाशी अन्याय करणारे ठरेल. महागडे परवाने, तुटपुंजे इंटरनेट आणि प्रणालीव्यवस्थापकाचा अभाव, या तिन्ही अडचणींना एका पेनड्राइव्हवर उत्तर देणे हे त्या काळाचे योग्य उत्तर होते. औषधशोधाची संपूर्ण साखळी भारतीय विद्यार्थ्याच्या साध्या संगणकावर चालू शकते, हे त्याने दाखवले. त्याच्या गटातील साधने पुढच्या रूपात पोहोचली, ती आधी एकत्र बांधली गेली होती म्हणूनच.

हे वाचणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी स्वतःच्या प्रबंधासाठी आज्ञावली लिहिल्या असतील. त्यांच्यासाठी या इतिहासाचा उपयोग व्यावहारिक आहे. निबंधात आज्ञावलीच्या नावासोबत आवृत्ती आणि कार्यप्रणालीही लिहावी. मूळ संहिता खुल्या परवान्याखाली, संग्रहात कायमचा क्रमांक घेऊन ठेवावी. ती काय मागते याची यादी यंत्राला वाचता येईल अशा रूपात द्यावी. आणि शक्य असेल तर तिचे पॅकेज डेबियनमध्ये किंवा बायोकोंडात दाखल करावे, म्हणजे आपल्यानंतर तिच्याकडे पाहणारा कोणी असेल. यांतील कोणत्याही गोष्टीला अनुदान लागत नाही. एक-दोन आठवड्यांचे काम लागते.

धोरण ठरवणाऱ्यांसाठी मागणी थोडी मोठी आहे. ज्या देशाने सूक्ष्मजीवांसाठी ३० वर्षांची हमी स्वीकारली, त्याने सार्वजनिक निधीतून लिहिलेल्या वैज्ञानिक आज्ञावलींसाठीही असा एक संग्रह उभारावा, आणि त्या चालत्या ठेवणाऱ्या माणसांसाठी पदे निर्माण करावीत. क्षयाच्या जंतूचे नमुने आपण काळजीपूर्वक गोठवून ठेवतो. त्याच्यावरील औषध शोधण्यासाठी लिहिलेली साधनेही तितक्याच काळजीने ठेवायला हवीत.